मगरबाईंची झोप

माझी मावशी एका क्लबच्या तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची, आणि पाठीमागे सगळे तिला मगरबाई म्हणायचे. शिकवताना ती नाकापर्यंत पाण्यात बुडून, फक्त डोळे वर ठेवून शिकाऊ मंडळींकडे टक लावून बघायची, त्यावरून ते नाव पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं. आवडायचंही.

"लहान मुलं नुसती रडतात," ती म्हणायची, "मोठी माणसं कारणं देतात." कुणाच्या कानात पाणी जायचं, कुणाची मान आखडायची, कुणाला नेमका त्याच वेळी महत्त्वाचा फोन यायचा असायचा. मावशी सगळं ऐकून घ्यायची आणि मग अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "सरळ सांग ना, घाबरतोस म्हणून. पाणी काही तुला खात नाही. चव घेऊन थुंकून टाकेल."

तिचा एक नियम होता. जमिनीवर ती सगळ्यांशी अहो-जाहो करायची, पण माणूस पाण्यात उतरला की 'तू'. मग तो कारखान्याचा मालक असो नाहीतर क्लबचा अध्यक्ष.

लोक शिकायचे, हे कबूल करायला हवं. काही जण मात्र एकदा पाणउतारा झाला की पुन्हा फिरकायचे नाहीत. त्यांतल्या एक म्हणजे वकीलबाई. कोर्टात यांचा आवाज चढला की समोरचा वकील कागद चाळायला लागतो अशी त्यांची ख्याती, पण पाण्यात उतरल्या की दोन्ही हातांनी काठ गच्च धरून उभ्या. मावशीने एक दिवस त्यांची बोटं एकेक करून काठावरून सोडवली आणि म्हणाली, "नुसतं धरून उभं राहायचं असेल तर बसमध्ये जा. तिथे निदान पुढे तरी जाशील." बाकीच्या बायका खो खो हसल्या. वकीलबाई अंग पुसून गेल्या त्या गेल्याच. मावशी म्हणाली, "बरं झालं. काठ झिजत होता."

ती राहायचीही तलावाच्या मागेच, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या एका खोलीत. दिवसभर भिंतीपलीकडे पंप घरघरायचा आणि त्याची देखभाल करणारा पंपवाला तिच्याशी भांडायचा. तो म्हणायचा पाणी आरशासारखं आहे, ती म्हणायची डबकं आहे. हे भांडण वर्षानुवर्षं रोज चालायचं आणि दोघं एकाच किटलीतला चहा पिता पिता ते करायची. मावशीला दुसरं माणूस नव्हतं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "कोरडी माणसं मला आवडत नाहीत."

आणि झोप? जेवण झालं की आडवी, आणि आडवी झाली की संपलं. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, कधी म्हणाली की हल्ली नीट झोप लागत नाही, तर मावशी नाक मुरडायची. "दमत नाहीस गं तू. दमलेल्या माणसाला झोप विचारत बसत नाही. उचलून नेते."

मग साथ आली. दुकानं बंद व्हायच्या आधी तलाव बंद झाला. क्लबचा सेक्रेटरी हा गृहस्थ कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. त्याने मावशीला फोन करून खोली सोडायला सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की क्लब बंद आहे म्हणजे आत कुणी नाही. आत कुणी असेल तर क्लब बंद नाही. आणि क्लब तर बंद आहे. या बिनतोड युक्तिवादापुढे मावशीने बॅग भरली आणि ती आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आली.

घरात आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. मी माझ्या खोलीत बसून कंपनीचं काम करायची, आई घरात येणारी प्रत्येक वस्तू साबणाने धुवायची. भाजी, बाहेरून आलेली पाकिटं, एकदा तर वर्तमानपत्रही. बाबा विमा कंपनीत शाखाधिकारी. ऑफिस घरी आलं तेव्हा त्यांनी दोन वस्तू मागवल्या. एक व्यायामाची सायकल, आणि दुसरं मनगटावर बांधायचं एक घड्याळ, जे रात्रभर त्यांची झोप मोजायचं आणि सकाळी गुण द्यायचं. सायकलवर पहिल्या आठवड्यानंतर आई टॉवेल वाळत घालायला लागली, आणि त्या कामी ती उत्तम निघाली. घड्याळ मात्र बाबांनी सोडलं नाही. चहा घेता घेता ते निकाल वाचून दाखवायचे. गाढ झोप इतकी, हलकी झोप तितकी, एकंदर प्रगती समाधानकारक. जन्मात कधी वरचा नंबर न आलेला माणूस झोपेत पहिला येत होता. गुण कमी पडले की चेहरा पाडून बसायचे आणि आईने पहाटे भांडं पाडलं म्हणून ठपका ठेवायचे.

"साहेब," मावशी त्यांना म्हणायची, "तोंडी परीक्षा कधी आहे?"

बाकीची इमारतही काही कमी नव्हती. गच्चीवर फिरायच्या पाळ्या ठरल्या होत्या. सगळ्यांनी एकाच दिशेने गोल फिरायचं, आणि उलट्या दिशेने फिरणाऱ्या एका बाईंना लेखी समज देण्यात आली होती. मावशी एकदाच जाऊन आली. "पिंजऱ्यातलं अस्वल असंच फिरतं," ती म्हणाली, "पण त्याला बघायला लोक तिकीट तरी काढतात." फोनवर उपदेशांचा पाऊस चालू होता. मन प्रसन्न ठेवा, संकटात संधी शोधा, श्वास आत घ्या, चिंता बाहेर सोडा. ज्यांना आयुष्यभर स्वतःच्या बायकोशी धड बोलता आलं नाही ते दूरचे काका सकाळी उठून आम्हाला मनःशांती पाठवत होते. मावशी म्हणाली, "तोंडाला पट्टी बांधून चिंता बाहेर सोडायची कुठून?"

पण टोमणे मारण्यापलीकडे ती काहीच करत नव्हती. आई म्हणाली, "ताई, हातपाय तरी हलव. थोडा व्यायाम कर."

"व्यायाम मी जन्मात केला नाही. मी पोहते."

आणि ती बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसून राहायची. एवढी वर्षं दिवसाचा निम्मा वेळ पाण्यात काढलेलं ते अंग, खांदे इतके रुंद की तयार कपडे कधी बसले नाहीत, आणि आता ते घरात आणून ठेवलेल्या कपाटासारखं एका जागी. हळूहळू खांदे उतरले. जेवण कमी झालं. फक्त जीभ तेवढी तंदुरुस्त राहिली.

तिला झोप येत नाही हे आम्हाला कळलं तेही तिच्या जिभेमुळेच. एका सकाळी चहा घेताना ती सहज म्हणाली, "खालच्यांच्या बाळाला दात येतायत वाटतं. आणि तो समोरचा सारखा लिफ्टने खाली जात होता. सिगारेट ओढतो, बायकोला माहीत नाही."

आईचा हात थांबला. "तुला कसं कळलं?"

"कान आहेत मला."

"ताई, तू झोपली नाहीस?"

"झोपूनच ऐकलं."

त्यानंतर आईने पाळत ठेवली. मावशी रोज वेळेवर आडवी व्हायची, डोळे मिटून सरळ पडायची, आणि सकाळी तिच्याकडे इमारतीची सगळी बातमीपत्रं तयार असायची. डोळ्यांखाली काळं यायला लागलं. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. घरात अखेर त्यांच्या विषयातला रोगी सापडला होता. त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून मावशीच्या मनगटावर बांधलं. एवढा त्याग त्यांनी माझ्या शिक्षणासाठीही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ सोडवून वाचलं आणि त्यांचा आवाज चढला. "ताई! तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गुण! उत्कृष्ट झोप, असं लिहून आलंय!"

झालं असं होतं, की मावशी हलली नव्हती. पोहणाऱ्या माणसाची नाडी आधीच संथ. ती रात्रभर डोळे मिटून लाकडासारखी पडून राहिली, आणि घड्याळाला वाटलं बाई गाढ झोपली.

"साहेब, मी जागी होते."

"घड्याळ खोटं बोलत नाही, ताई. तुम्हाला वाटतं तुम्ही जाग्या होतात. प्रत्यक्षात तुम्ही झोपल्या होतात."

"मग मला कुणी कळवलं कसं नाही?"

बाबांनी घड्याळ परत घेतलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पहिला नंबर गेल्याचं दुःख मोठं असतं.

अशात सेक्रेटरीचा फोन आला. क्लबचे सभासद वर्गणी परत मागायला लागले होते, त्यामुळे त्याला एक कल्पना सुचली होती. मोबाइलवर पोहण्याचा क्लास. जमिनीवर पोटावर पडून हातपाय मारायचे, बाई चुका सांगतील. नाव 'पाण्याविना पोहणे', आणि खाली ओळ, 'शरीर सुदृढ, मन प्रसन्न, झोप शांत'. मावशी ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची शीर उडत होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी पुढचंही ऐकलं.

"आणि हो बाई," तो म्हणाला, "सांगायचं राहिलं. आपला पंपवाला गेला. गेल्या आठवड्यात. श्वासच पुरला नाही म्हणतात. तर मग सोमवारपासून करू या का क्लास?"

मावशी म्हणाली, "करू या."

फोन ठेवून ती खुर्चीवर जाऊन बसली. आई जवळ गेली तर म्हणाली, "चहा टाक." त्याबद्दल त्या दिवशी ती एवढंच बोलली, आणि पुढेही बरेच दिवस काही नाही.

क्लास सुरू झाला. मी फोन धरून उभी राहायची. पडद्यावरच्या चौकोनांत एकेक सभासद. कुणी स्टुलावर पोट टेकून, कुणी सोफ्याच्या हातावर, एक जण इस्त्रीच्या टेबलावर, जे दुसऱ्या मिनिटाला त्याच्यासकट मिटलं. एका काकांनी टोपी आणि पाण्याचा चष्मा चढवला होता. एका बाईंचं तोंड त्यांचा कुत्रा चाटत होता आणि त्या निष्ठेने हात मारत होत्या. जमिनीवर असल्यामुळे मावशीला सगळ्यांना 'अहो' म्हणावं लागत होतं, आणि त्याचा तिला वेगळाच राग होता.

"पाय मारा हो, पाय! गालिचा झटकताय का? तुम्ही बुडालात. तुम्हीही बुडालात. बैठकीच्या खोलीत इतकी माणसं बुडालेली मी पहिल्यांदाच बघतेय."

लोकांना ते भलतंच आवडलं. कुणीतरी तिचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं, ते फिरत फिरत दूरच्या त्याच मनःशांतीवाल्या काकांमार्फत आमच्याकडेही परत आलं. शिव्या खायला रांग लागली. सेक्रेटरी खूश. माणसं घरात कोंडून पडली, की पाणउतारासुद्धा त्यांना करमणूक वाटते, हे मला तेव्हा कळलं.

एका क्लासच्या शेवटी सेक्रेटरीने विचारलं, कुणाला काही शंका? एका चौकोनात, तलाव सोडून गेलेल्या त्याच वकीलबाई होत्या. त्या खुर्चीवर बसून होत्या, हातपाय मारत नव्हत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "मी दमेपर्यंत व्यायाम करून बघितला. तरी डोळा लागत नाही. पडलं की छाती दडपते. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा."

बाकीच्या चौकोनांत एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने. चष्मा चढवलेल्या काकांनी चष्मा काढला. एवढी माणसं रोज स्टुलावर कशाला पडत होती ते त्या क्षणी उघड झालं होतं, आणि कुणी काही नीट बोललं असतं तर बरं झालं असतं.

मावशी म्हणाली, "कोर्ट बंद, काम नाही, बसून खायचं, मग झोप कुठून येणार? भीतीचे फार लाड करता तुम्ही."

सगळे हसले. त्यांना वाटलं, नेहमीचाच कार्यक्रम. वकीलबाईंचा चौकोन काळा झाला.

मी फोन खाली ठेवला. "मावशी, हे तू बोललीस?"

"मग काय तुझे बाबा बोलले?"

"तू स्वतः कधीपासून झोपलेली नाहीस?"

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

"मी घाबरत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मावशीला सवय होती, सकाळी बादली भरून तिच्यात तोंड बुडवायची. निदान तेवढं तरी पाणी. मी दार ढकललं तर ती भिंतीला टेकून खाली बसली होती, बादली कलंडली होती, आणि तिला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडं, डोळे मोठे, दोन्ही हातांनी स्वतःचाच गळा चाचपत होती. आईने तिला धरलं. बऱ्याच वेळाने श्वास परतला.

साथीची सगळी लक्षणं बाबांना पाठ होती, त्यामुळे निदान जागच्या जागी झालं. त्यांनी दोन पट्ट्या एकावर एक बांधल्या, मावशीला माझ्या खोलीत बंद केलं आणि तिचं ताट फरशी पुसायच्या दांड्याने आत सरकवायला सुरुवात केली. "घाबरायचं काही कारण नाही," असं ते दांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून सांगत होते. चाचणी झाली. काही निघालं नाही. बाबांचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या ठिकाणी झाली. तिथेही काही निघालं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर बरेच प्रश्न विचारले. झोप कशी आहे, धडधड होते का, अलीकडे जवळचं कुणी गेलं का. शेवटच्या प्रश्नाला मावशी म्हणाली, "नाही. नात्यातलं कुणी नाही."

"बाई, तुमची फुप्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत," डॉक्टर म्हणाले. "शरीर घाबरलं की असा श्वास अडकतो. झोप नाही, हालचाल नाही, मनावर ओझं. हल्ली मला रोज असे फोन येतात."

"घाबरलं? कोण?"

"तुम्ही."

तिने फोन कापला. "मूर्ख माणूस आहे. यापेक्षा ती साथ झाली असती तर बरं होतं. सांगायला तरी लाज वाटली नसती."

आई शांत बाई. पण त्या दिवशी तिने हातातलं फडकं आपटलं. "लोकांच्या घरातली माणसं चाललीयत ताई, आणि तू आजार मागतेस? घाबरलीस हे म्हणायला एवढं जड जातंय?"

मावशीने खाली पडलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली.

पुढे साथ ओसरली आणि तलाव उघडायची तारीख आली. मावशीने आदल्या दिवशीच पोहण्याचा पोशाख घालून बघितला होता. सकाळी मी तिच्यासोबत गेले. काठावर सभासद जमले होते, सेक्रेटरीने छोटंसं भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मगरबाई सूर मारणार म्हणून सगळ्यांनी फोन वर धरले.

मावशीने सूर मारला नाही. ती शिडीने उतरली. गुडघे, कंबर, पोट. पाणी छातीला लागलं आणि ती थांबली. मी जवळ उभी होते, मला तिचा हात शिडीच्या दांड्यावर आवळलेला दिसला. बोटं पांढरी पडली होती. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग एकेक पायरी वर आली आणि टॉवेल ओढून म्हणाली, "पाणी घाण आहे."

"कसं शक्य आहे बाई, कालच भरलंय," सेक्रेटरी म्हणाला.

"मी सांगते ना. माणसं आजारी पडतील यात. जबाबदारी तुमची."

जबाबदारी हा शब्द ऐकताच सेक्रेटरीचा चेहरा उतरला. त्याने नव्या पंपवाल्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि अख्खा तलाव रिकामा करून पुन्हा भरायचा हुकूम सोडला. एवढं स्वच्छ पाणी, एका बाईला 'मला भीती वाटते' म्हणता येईना म्हणून गटारात गेलं. सभासद टॉवेल गुंडाळून घरी गेले, आणि जाता जाता एकमेकांना सांगत होते, बाईंची नजर बघा कशी तयार आहे.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "पाणी स्वच्छ होतं."

"माहीत आहे मला."

थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "पंपवाल्याच्या घरी जाऊन येऊ या."

पंपवाल्याचं घर क्लबपासून लांब नव्हतं. दोन खोल्या, बाहेर पत्र्याखाली जुने नळ आणि पाइपांचे तुकडे अजून रचून ठेवलेले. त्याची बायको मशीनवर शिवत बसली होती. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि शिवण चालूच ठेवलं.

"उशिरा आले," मावशी म्हणाली.

"सगळेच उशिरा येतात. तुम्ही निदान आलात. त्या सेक्रेटरीने हार पाठवला, तोही क्लबच्या नावाचा."

तिने मशीनखालचं कापड वळवून घेतलं. मग ती बाई म्हणाली, "तुमचं नाव रोज निघायचं घरात. पाण्याला नावं ठेवते म्हणून कटकट करायचे. मी म्हणायची, मग एक दिवस उतरा ना त्यात, दाखवा तिला. पण ते कसले उतरतायत."

"का?"

तिने मशीन थांबवली. "पोहायला कुठे येत होतं त्यांना? पाण्याची भीती होती. लहानपणी विहिरीत पडले होते. तलावाच्या काठानेसुद्धा भिंत धरून चालायचे. तुम्हाला कधी दिसलं नाही?"

मावशीने मान हलवली. नाही.

"शिकायचं होतं हो. शेवटपर्यंत होतं मनात. मी म्हटलं, बाई शेजारीच आहेत, सांगा त्यांना. तर म्हणाले, नको, ती सगळ्यांसमोर हसेल."

हे ती रागाने म्हणाली नाही. एवढं बोलून तिने पुन्हा मशीन चालू केली, कारण तिला कपडे संध्याकाळी द्यायचे होते. मावशी बराच वेळ बसून राहिली. घरी येईपर्यंत रस्ताभर तिने एकाही माणसाला नाव ठेवलं नाही, आणि मला त्याची काळजी वाटली.

तलाव पुन्हा भरला तेव्हा ती मोठ्या तलावाकडे गेलीच नाही. बाजूला मुलांचा उथळ तलाव होता, पाणी जेमतेम कमरेला लागेल इतकं. तिथे वकीलबाई एकट्या काठ धरून उभ्या होत्या. त्या परत आल्या होत्या, फक्त मगरबाईंची नजर पडणार नाही अशा ठिकाणी. मावशीला येताना बघून त्यांनी मान वळवली.

मावशी पाण्यात उतरली. श्वास जोरात चालला होता, लांबूनही ऐकू येत होता. ती वकीलबाईंपर्यंत चालत गेली.

"काठ धरायला मनाई आहे इथे," वकीलबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "बसमध्ये जायचं असतं."

"सरक जरा," मावशी म्हणाली. "मला धरायला जागा दे."

वकीलबाईंनी वळून बघितलं. वकीलबाई कोर्टातल्या, त्यांना समोरचा माणूस कधी खरं बोलतो ते कळत असणार. त्या सरकल्या. दोघी शेजारी शेजारी काठ धरून उभ्या राहिल्या, मुलांच्या तलावात, दोन मोठ्या बायका.

"कधीपासून?" वकीलबाईंनी विचारलं.

"पंपवाला गेला तेव्हापासून. झोपही तेव्हापासून पार गेली. त्याआधी नुसती रुसली होती."

"आणि मला म्हणालात भीतीचे लाड करता."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर."

"हो. चुकलं माझं. आता तू मला सगळ्यांसमोर बोल हवं तर."

"विचार करते," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच थोडा वेळ विचार केला असावा. मग म्हणाल्या, "नको. इथे ऐकायला कुणी नाही, मजा येणार नाही."

त्या दिवशी दोघी पोहल्या नाहीत. नंतरही बरेच दिवस मावशी फक्त उथळ पाण्यात चालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दमून घरी यायची. डॉक्टरांना तिने स्वतः फोन केला. पहिलं वाक्य होतं, "तुमचं निम्मं बरोबर होतं." कोणतं निम्मं चुकलं ते तिने अजून सांगितलेलं नाही. त्यांनी दिलेली गोळी तिने शिव्या देत काही आठवडे घेतली, मग त्यांना विचारून सोडली. बादलीत तोंड बुडवायला जमलं, मग तलावात. एका सकाळी मी तिला मोठ्या तलावात संथपणे हात मारत जाताना पाहिलं. पूर्वीचा वेग नाही, मध्येच काठाला थांबायची. कुणी फोन वर धरलेला नव्हता, कारण कुणाचं लक्ष नव्हतं. लोक तोवर साथीत काय काय झालं ते विसरायच्या कामाला लागले होते. स्टुलावर पोहणारे काका आता सगळ्यांना सांगत होते, की त्यांना तर त्या काळात काहीच त्रास झाला नाही, उलट छान निवांतपणा मिळाला.

मावशी बदलली म्हणावं, तर तसंही नाही. सेक्रेटरीला ती अजूनही दिवसातून एकदा तरी सुनावते. फक्त कुणी काठ धरून उभं असेल तर आता बोटं सोडवत नाही, शेजारी जाऊन उभी राहते. आणि शेजारी उभी राहून त्याच्या चड्डीच्या रंगाला नावं ठेवते.

खोली क्लबने परत दिली नाही, तिथे आता खुर्च्या रचून ठेवल्यात. आई म्हणाली, इथेच राहा. मावशीने ऐकलं नाही. तिने क्लबजवळ, एका छापखान्याच्या वर, एक खोली भाड्याने घेतली. सामान न्यायला मी गेले होते. खाली यंत्र धडधडत होतं, वर जमीन हादरत होती.

"एवढ्या आवाजात कशी राहशील?" मी विचारलं.

"तुझ्या घरी सकाळी उठलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. झोपली का, झोपली का. तुझ्या आईच्या डोळ्यांत काळजी, तुझ्या बाबांच्या डोळ्यांत गुणपत्रिका. इथे मी झोपले काय आणि नाही झोपले काय, छापखान्याला काही घेणंदेणं नाही."

तिने खाट खिडकीपासून ओढून, जुन्या खोलीत पंपाच्या बाजूला असायची तशी, भिंतीला लावली, उशी आपटून सारखी केली आणि मला म्हणाली, "आता तू जा. आणि जाताना दार नीट लाव, ते अडकतं."